जे घडलं नाही तेही आठवतं

मण्यार चावलेला पेशंट आमच्याकडे पोचतो तेव्हा बहुतेक वेळा पहाट उजाडत असते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस मध्यरात्री पोट दुखतं म्हणून उठतो, अंगावर चावल्याची खूण शोधूनही सापडत नाही, आणि बघता बघता पापण्या खाली यायला लागतात. जीभ जड होते, गिळता येत नाही, श्वास अपुरा पडतो. व्हेंटिलेटरवर घेईपर्यंत तो पार लुळा झालेला असतो. बोट हलत नाही, डोळे उघडत नाहीत, कधी कधी तर बॅटरी मारली तरी बाहुली आकसत नाही. नवख्या डॉक्टरला वाटावं, मेंदू गेला. पण हे विष नस आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे अडथळा आणतं. आतला माणूस जागा असू शकतो आणि त्याला सगळं ऐकू येत असतं.

असा एक शेतमजूर घरी गेल्यावर महिन्याभराने ओपीडीत माझ्यासमोर बसला आणि त्याने आयसीयूतल्या दिवसांची साग्रसंगीत हकिगत सांगितली. कुठल्या सिस्टरच्या मुलीची दहावी होती, शेजारच्या खाटेवरचे आजोबा रात्री कसे गेले, आणि त्याच्या स्वतःच्या उशाशी उभं राहून कोण कुणाला म्हणालं, "ह्यात आता काय राम न्हाई, घरी नेऊया." म्हणणारा त्याचा सख्खा चुलता होता. हे सांगताना त्याचा आवाज चढला. पण झोप लागते का, घाम फुटून जाग येते का, कामावर जाता का, या माझ्या प्रश्नांना उत्तरं सरळ आली. झोपतो, फक्त आता खाटेवर. कामावर जातो. चुलत्याशी बोलत नाही.

त्याच सुमारास कीटकनाशक पोटात गेलेला एक तरुण फॉलोअपला यायचा होता. तो आला, पण आत येईना. गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी उभा राहिला आणि बायकोला केसपेपर घेऊन पाठवलं. मी खाली जाऊन त्याला भेटले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मॅडम, रात्रपाळीची ती बाई किडन्या विकती. माझ्या दोन्ही काढायच्या ठरल्या हुत्या. हातपाय बांधून ठेवलेलं." अंगावर लाल मुंग्या सोडल्या होत्या, छतातून कुणीतरी वाकून बघत होतं, तेही त्याला लख्ख आठवत होतं. बायको रोज दोन वेळा भेटून जायची, हे मात्र आठवत नव्हतं. तो रात्री दिवा लावून बसत होता.

एकाने खरोखरच मरण ऐकलं होतं आणि तो सावरला होता. दुसऱ्याच्या बाबतीत त्यातलं काहीच घडलं नव्हतं, हात बांधलेले सोडले तर, आणि तोच हादरला होता. अशा कीटकनाशकाच्या परिणामावर उतारा म्हणून अॅट्रोपिन द्यावं लागतं, कधी कधी भरपूर. ते जास्त झालं की तोंड कोरडं पडतं, ताप चढतो, माणूस हवेत काहीतरी वेचायला लागतो, नळ्या उपसतो. मग हात बांधतात. जीव वाचवणारं औषधच असे भास मागे ठेवून जातं.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. मिरजेच्या परिसरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात काम करते. पेशंट सांगली-कोल्हापूरचे, तसेच सीमेपलीकडून अथणी-चिक्कोडीचेही. आयसीयूतून वाचून घरी गेलेल्यांची झोप, भीती, आठवण तपासणं हा माझ्या कामाचा एक भाग. तो मागून घेतलेला भाग आहे, कुणी दिलेला नाही. फॉलोअपला माणूस येतो तो गळ्यावरच्या छिद्राची जखम दाखवायला, शुगर बघायला, गोळ्या बदलून घ्यायला. आत काय काय दिसलं, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तो आपणहून सांगत नाही. सांगितलं की घरचे म्हणणार डोक्यावर परिणाम झाला, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलं. मग अंगारा, उतारा, लिंबू.

विचारण्यासाठी एक प्रश्नावली आहे. लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयात क्रिस्टिना जोन्स, हम्फ्रिस आणि रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी ती तयार केली आणि 2000 साली प्रसिद्ध केली. तिचं नाव 'आयसीयू मेमरी टूल'. आठवणींचे ती तीन कप्पे करते. पहिल्यात प्रत्यक्षातल्या गोष्टी: घरची माणसं, अलार्म, दिवे, चेहरे, तोंडातली नळी, सक्शन, डॉक्टरांचा राउंड. दुसऱ्यात भावना: वेदना, घाबरणं, गोंधळ. तिसऱ्यात स्वप्नं, भास, आणि कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय ही खात्री. जोन्स यांच्याच गटाने 2001 मध्ये दाखवलं की ज्यांना फक्त तिसऱ्या कप्प्यातलं आठवतं आणि पहिला कप्पा रिकामा असतो, ते पुढे जास्त त्रासात सापडतात. खऱ्या आठवणी अप्रिय असल्या तरी आधार देतात. शेतमजूर आणि तो तरुण यांच्यातला फरक मला या मांडणीमुळे कळला.

पहिला कप्पा रिकामा राहण्यात आमचाही हात असतो. मिडॅझोलमसारखं झोपेचं औषध चालू असताना घडलेलं सहसा मनात उमटत नाही. पेशंट सोसत असतो तेव्हा ती दयाच असते. पण दिवस पुसले गेले की मधल्या फटींतून आलेले भास तेवढे उरतात, आणि ते दिवसेंदिवस फिके होत नाहीत. मला भेटलेल्या लोकांनी सहा महिन्यांनंतरही भिंतीवरच्या माणसाच्या शर्टाचा रंग सांगितला आहे. सलाईन कुठल्या हाताला होतं ते मात्र सांगता आलं नाही.

प्रश्नावलीतल्या पहिल्या कप्प्याच्या यादीत घड्याळही आहे. आठवतं का, असा प्रश्न. सुरुवातीला आमच्याकडे कुणीच त्याला हो म्हणेना. मी जाऊन बघितलं तर आयसीयूतलं घड्याळ सिस्टरांच्या टेबलासमोर, म्हणजे पेशंटच्या डोक्यामागे लावलेलं. ते समोरच्या भिंतीवर हलवायला खिळ्याचा आणि शिडीचा खर्च आला. मंजुरीचा अर्ज मात्र तीन टेबलांवरून फिरला.

प्रश्नावली हातात आहे म्हणून कुणी उत्तरं देत नाही. नातेवाईक शेजारी बसलेले असले तर उत्तर ठरलेलं असतं, "काय आठवत न्हाई बघा." म्हणून मी आधी घरच्यांना औषधांच्या खिडकीकडे पाठवते. मग विचारण्याआधी सांगते: आयसीयूत बऱ्याच जणांना विचित्र गोष्टी दिसतात, कुणाला जनावरं, कुणाला मेलेली माणसं, कुणाला वाटतं डॉक्टर मारायला निघालेत; ते वेड नसतं, आजार आणि औषधं मिळून तसं करतात. एवढं ऐकलं की समोरच्याचे खांदे उतरतात. कुणी हसतो, कुणी रडतो. मग, "तुम्हाला काय दिसलं?"

मग जे निघतं ते ऐकून पहिली काही वर्षं मी थक्क व्हायचे. आता अर्ध्याहून अधिक वेळा मला त्यामागची वस्तू ओळखू येते. एका काकांना आपण नावेत आहोत असं वाटत होतं, आणि नाव कृष्णेच्या पुरात. जखमा होऊ नयेत म्हणून आम्ही हवेची गादी घालतो, तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात. नाव तिथून आली. पूर 2019 सालचा, त्यांनी सांगलीत स्वतः पाहिलेला. एका मावशींचं तोंड कुणीतरी सुतळीने शिवत होतं. ती तोंडातली नळी बांधायची फीत, रोज बदलली जाणारी. गळा दाबणारा माणूस म्हणजे बहुधा गळ्यातल्या नळीची पट्टी घट्ट करणारा ब्रदर. रात्री हसणाऱ्या जखिणी कोण ते सांगायची गरज नाही. पहाटे तीनला रात्रपाळीच्या पोरी हसतात, हसल्या नाहीत तर झोपतील.

ही वस्तू सापडली की मी ती पेशंटला दाखवायला बघते. जमलं तर गादी दाखवते, फीत हातात देते. त्या काकांनी रिकाम्या खाटेवरच्या गादीवर तळहात ठेवला, ती हळूहळू वर आली, आणि ते म्हणाले, "हात्तिच्या." पुढच्या खेपेला पुराची स्वप्नं कमी झाली होती. सगळ्यांचं असं होत नाही. किडन्यांच्या भीतीने गेटबाहेर थांबलेल्या तरुणाला सोनोग्राफीत दोन्ही किडन्या दाखवल्या. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मग त्यांनी बेत बदलला असणार." त्याला उपचारासाठी आमच्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागलं. आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्याच्या बाबतीत ते तसंही करायचंच असतं. तिथे आयसीयूतल्या आठवणीचं दुःख कुठलं आणि विष हातात घ्यायला लावणारं आधीचं कुठलं, हे कुठल्याही फॉर्मवर वेगळं निघत नाही.

याच पेशंटांनी मला आणखी एक सावधपणा शिकवला. विषबाधेची केस मेडिको-लीगल असते, जबाब घ्यायला पोलीस खाटेपाशी येतात. तेव्हा एखादा म्हणाला, "पोलीस मला धरायला आल्ते," तर ते भास या रकान्यात टाकण्याआधी केसपेपरची पानं उलटावीत. पोलीस आले होते. धरायला नव्हे, पण आले होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, लोक सांगायचे की चेहरा नसलेली पांढरी माणसं फिरत होती आणि शेजारच्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं. पीपीई किट घातलेले आम्हीच ती माणसं, आणि शेजारच्याला खरंच तसं नेलं होतं. हे पहिल्या कप्प्यातलं. त्याला भास म्हणणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा एकटं पाडणं.

सगळ्यात अवघड ते असतं जे बायका सांगतात, क्वचित पुरुषही. कुणीतरी कपडे काढले, पाय फाकवले, नको तिथे हात लावला. लघवीची नळी घालताना, जांघेतल्या शिरेत सुई घालताना, अंग पुसताना हे सगळं होतं. गुंगीतल्या माणसाला आधी सांगितलेलं ऐकू गेलेलं नसतं. बहुतेक वेळा उगम तिथेच सापडतो. पण "तो भास होता ताई" असं म्हणायची घाई मी करत नाही, आणि इतरांनाही करू देत नाही. बेशुद्ध बाईवर अत्याचार होतच नाहीत असं कुणी छातीठोक सांगू नये. आधी तारीख आणि पाळी बघायची, नळी कधी आणि कुणी घातली, दुसरी कुणी बाई हजर होती का, हे कागदावरून तपासायचं, आणि शंका राहिली तर वर कळवायचं. भास ठरवायचा हक्क तपासल्यानंतर मिळतो. यावर माझे आणि काही वरिष्ठांचे खटके उडाले आहेत. रुग्णालयाचं नाव जाईल ही त्यांची काळजी मला समजते, पटत मात्र नाही.

दुसरीकडे, न घडलेलं सगळं त्रासदायकच असतं असंही नाही. न्यूमोनियातून उठलेल्या एका आजींना आयसीयूत त्यांचे कधीच वारलेले यजमान भेटायला यायचे. खाटेच्या पायथ्याशी बसायचे, तंबाखू मळायचे, बोलायचे नाहीत. फॉर्मप्रमाणे हा भास, खूण करायची. मी विचारलं, "आजी, त्याचा त्रास होतो का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच वेडगळ वाटला. "अगं, आता येत न्हाईत, त्याचा हुतो." मी खूण केली आणि शेजारी लिहिलं: स्पष्टीकरण देऊ नये.

यानंतर आघातोत्तर त्रास किती ते मोजायचा, म्हणजे गुणांचा भाग. त्यासाठी 14 प्रश्नांची एक वेगळी मोजपट्टी आहे, किंवा कुठल्याही आघातानंतर वापरतात ती 22 प्रश्नांची. प्रत्येकाला आकडा द्यायचा, बेरीज करायची, ठरावीक रेषेच्या वर गेली की पुढे पाठवायचं. रेषा उपयोगी पडते, विशेषतः डॉक्टरांशी बोलताना; "पेशंट घाबरलाय" यापेक्षा आकडा लवकर ऐकला जातो. पण ज्याने आयुष्यात कधी एक ते सात अशी भीती मोजलेली नाही, त्याच्यासाठी मी बोटं वापरते, आणि बोटं धरतानाही तो माझ्या चेहऱ्याकडे बघून किती हवीत याचा अंदाज घेत असतो. म्हणून माझा जास्त भरवसा साध्या चौकशीवर. दार लावून झोपता का? मोबाइलची रिंग वाजली की काय होतं? (मॉनिटरच्या आवाजासारखी रिंग घरातून हद्दपार झालेली मी अनेकदा ऐकली आहे.) दवाखान्याचा वास आला की? पुन्हा गरज पडली तर इथे याल का? या शेवटच्या प्रश्नाला "मेलो तरी चालेल, पण न्हाई" हे उत्तर आलं की बेरीज करायची गरज उरत नाही.

आणि ज्यांच्याबद्दल आयसीयूत कुणालाच काळजी वाटली नव्हती, तेच कधी कधी सगळ्यात भयंकर सांगतात. पाळी बदलताना सिस्टर सांगतात, "चार नंबर एकदम शांत." नळ्या ओढणारा, शिव्या देणारा गोंधळलेला आहे हे कुणालाही दिसतं. पण गप्प पडून छताकडे बघणारा माणूसही तेवढाच भ्रमात असू शकतो. ते ओळखायची चाचणी आहे, अमेरिकेतल्या वेस्ली एली यांच्या गटाने 2001 मध्ये आणलेली. नळी असल्यामुळे बोलता न येणाऱ्या पेशंटवरही ती खाटेपाशी काही मिनिटांत करता येते. आमच्याकडे ती चार्टवर छापलेली आहे. भरलेली बहुतेक दिवसपाळीत असते. एका सिस्टरकडे तीन व्हेंटिलेटर असताना रात्रपाळीत ती भरली का नाही, असं विचारायचं धाडस मला होत नाही.

मग यावर करायचं काय? युरोपात आयसीयूची रोजनिशी ठेवतात. सिस्टर आणि घरचे रोज चार ओळी लिहितात, फोटो लावतात, आणि पेशंट सावरल्यावर ती वही त्याला देतात, म्हणजे पुसलेले दिवस परत मिळतात. 2010 मध्ये सहा देशांतल्या 12 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वही मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांना नव्याने आघातोत्तर ताणाचा आजार जडला, न मिळालेल्यांपैकी 13 टक्क्यांना. पुढे 2019 मध्ये फ्रान्समधल्या 35 आयसीयूंच्या मोठ्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर वही हे औषध नव्हे, ती पहिला कप्पा भरायचं साधन आहे, आणि ती कुणी हातात दिली, कुणी शेजारी बसून वाचली, यावर बरंच अवलंबून आहे.

वही ठेवायचा प्रस्ताव मी मांडला तेव्हा पहिला प्रश्न आला तो कोर्टाचा. पेशंटच्या हातात आपलाच कागद, उद्या ग्राहक मंचात तोच पुरावा. दुसरा प्रश्न सिस्टर इन्चार्जचा होता आणि तो जास्त प्रामाणिक होता: लिहिणार कोण? आमच्याकडे नातेवाईकांना सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं आत सोडतात. बाकीचा दिवस ते जिन्यात, चटईवर, डबे आणि पिशव्या सांभाळत काढतात. आत काय झालं ते त्यांना ठाऊक नाही आणि बाहेर काय झालं ते पेशंटला ठाऊक नाही.

शेवटी वहीच्या जागी एक आडवा कागद आला. त्यावर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे तीनच गोष्टी: नळी किंवा मशीन यांत काय बदललं, हात बांधले होते का, भेटायला कोण आलं. पहिल्या दोन मी चार्टवरून उतरवते, तिसरी जिन्यातले लोक सांगतात. ते एवढ्यावर थांबत नाहीत. कागदाच्या मागे लिहून देतात किंवा मला लिहायला लावतात: म्हैस व्याली. पैसे अण्णांनी दिले. तू डोळे उघडलेस पण ओळखलं नाहीस. चुलता रडला. वैद्यकीय काहीच नसल्याने या मागच्या बाजूला प्रशासनाचा आक्षेप नाही.

कागद मी फॉलोअपला देते, डिस्चार्जच्या दिवशी नाही. त्या दिवशी बिल आणि गाडी यांपलीकडे कुणाचं लक्ष नसतं. काहीजण घेत नाहीत, आणि मी आग्रह करत नाही. आजींनी घेतला नाही. मण्यारवाल्या शेतमजुराने घेतला, त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मीच वाचून दाखवला. तारखा ऐकताना तो अधूनमधून दुरुस्त्या करत होता: त्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी. दोन ठिकाणी चार्ट पुन्हा काढून बघितला, त्याचंच बरोबर होतं. मागची बाजू वाचताना चुलत्याची ओळ आली तेव्हा त्याने ती परत वाचायला सांगितली. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, गळ्याची ही खूण जायला किती दिवस लागतील.